‘होऊन जाईल’ची किंमत

(पॉडकास्टच्या या भागाचा लेखी मजकूर. बोलण्याचा बाज मुद्दाम तसाच ठेवला आहे.)

 

आज एका छोट्याशा वाक्याबद्दल बोलायचंय. तुम्ही नोकरी करत असाल, तर या आठवड्यात ते एकदा तरी तुमच्या तोंडून गेलेलं असणार. स्टँडअपमध्ये, क्लायंटच्या कॉलवर, नाहीतर कँटीनच्या रांगेत. वाक्य आहे, "होऊन जाईल."

"शुक्रवारपर्यंत मिळेल का हे?"
"हो हो, होऊन जाईल."

आता या वाक्याचं व्याकरण बघा. "मी करतो" या वाक्यात करणारा माणूस आहे. "होऊन जाईल" मध्ये करणारा कुणीच नाही. पाऊस पडतो, ऊन पडतं, तसं काम आपलं आपण होऊन जाणार! म्हणून तर हे बोलायला इतकं सोपं आहे. गंमत अशी की बोलणाऱ्याच्या मनात ती एक सदिच्छा असते, पण ऐकणारा ते वचन म्हणून घेतो. तो वहीत लिहितो: शुक्रवार. आणि त्या शुक्रवारच्या भरवशावर पुढे आणखी दोघांना सोमवार सांगून मोकळा होतो.

आधीच सांगते, हा भाग वर्क-लाइफ बॅलन्सवर नाही. जास्त काम घेतल्याने झोप जाते, पाठ धरते, घरचे वैतागतात, हे सगळं खरं आहे आणि त्यावर बोललंही पुष्कळ जातं. आजचा प्रश्न वेगळा आहे. झेपेल त्यापेक्षा जास्त कबूल करणाऱ्या माणसाच्या शब्दाचं ऑफिसात पुढे काय होतं? आणि हे बहुतेक वेळा त्याला स्वतःलाच सगळ्यात शेवटी का कळतं?

मराठीत यासाठी फार नेमका शब्द आहे: पत. आपण ऑफिसात ज्याला क्रेडिबिलिटी म्हणतो आणि बँकेत ज्याला क्रेडिट म्हणतो, ते दोन्ही या दोन अक्षरांत येतं. पतपेढी, पतसंस्था यातलीच ही पत. आता बँकेतली पत कशी ठरते ते आठवा. तुमच्या क्रेडिट स्कोअरमध्ये तुमचा पगार धरलेला नसतो. महिना ३ लाख कमावणारा माणूस हप्ते चुकवत असेल तर त्याचा स्कोअर खाली. छोटं दुकान चालवणारा वेळच्या वेळी हप्ते भरत असेल तर त्याचा वर. आणि थोड्या दिवसांत चार-पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज केले, तरी स्कोअरला फटका बसतो, हप्ता एकही चुकलेला नसला तरी.

ऑफिसातली पत अगदी तशीच चालते. तुम्ही किती हुशार आहात, किती तास बसता, हा झाला तुमचा पगार. पत ठरते ती हप्त्यांवर. म्हणजे दिलेल्या तारखा आणि पाळलेल्या तारखा.

आता एक उदाहरण सांगते. ज्याचं आहे त्याला विचारून सांगतेय. नाव, कंपनी काही सांगणार नाही.

माझ्या आधीच्या टीममध्ये एक मित्र होता. आम्ही एकाच वर्षी लागलो. टीममधला सगळ्यात तल्लख मुलगा. प्रॉडक्शनला काही फुटलं की सगळे आधी त्याच्या डेस्कवर. आणि स्वभाव असा की नाही म्हणणं त्याला जमायचंच नाही. स्वतःच्या स्प्रिंटची कामं असायचीच. त्यावर ऑनसाइटवाल्याला एक रिपोर्ट, ज्युनियरला कोड रिव्ह्यू, दुसऱ्या टीमला एक क्वेरी, एचआरला फ्रेशर्ससाठी एक सेशन. सगळ्यांना उत्तर एकच, होऊन जाईल. रात्री ११ पर्यंत बसायचा. आळशी म्हणायला जागाच नव्हती.

एकदा आमचा लीड लग्नाला गावी गेला आणि स्प्रिंट प्लॅनिंग माझ्याकडे आलं. त्याने त्याची एक्सेल शीट मला पाठवली. त्यात प्रत्येक कामापुढे तारखांचे दोन कॉलम होते. एकावर लिहिलं होतं ‘सांगितलेली’, दुसऱ्यावर ‘धरायची’. बहुतेकांच्या नावापुढे दोन्ही तारखा सारख्याच. या मित्राच्या नावापुढे मात्र प्रत्येक ओळीत तीन-चार दिवसांचा फरक. त्याने बुधवार सांगितला असेल तर धरायचा सोमवार. लीड रागावलेला वगैरे अजिबात नव्हता. त्याला हा मुलगा आवडायचा. त्याने फक्त हिशोब लावला होता.

पत जाते ती अशी. भांडण होत नाही, कुणी खडसावत नाही. तुमच्या शब्दापुढे कुणीतरी गुपचूप एक दुसरा कॉलम काढतं.

आणि त्या कॉलमची खरी किंमत पुढे कळली. क्लायंटची जुनी पेमेंट सिस्टीम नव्या सिस्टीमवर हलवायचं काम आलं. ती जुनी सिस्टीम या मित्राइतकी कुणालाच माहीत नव्हती. तो म्हणाला, ५ आठवड्यांत होईल. आणि खरं सांगते, त्याने कागदावर जो प्लॅन मांडला होता तो बघता ५ आठवडे अगदी वाजवी होते. दुसरी एक सहकारी म्हणाली, मला ७ लागतील. काम तिला मिळालं. कारण तिचे ७ म्हणजे ७ असतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. याचे ५ म्हणजे किती, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

म्हणजे बघा, ज्या दिवशी त्याचा अंदाज बरोबर होता, नेमक्या त्याच दिवशी त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही.

तो प्रचंड दुखावला. टपरीवर चहा घेताना मला म्हणाला, "अगं, मी रोज ११ पर्यंत बसतो. ती ६ ला निघते. आणि काम तिला?" त्याच्या बाजूने ते खरंच होतं. पण लीडच्या बाजूने बघितलं तर ११ वाजताचा दिवा त्याला दिसतच नाही. त्याला दिसते तारीख. कष्ट तुमचे तुम्हाला माहीत असतात, समोरच्याकडे पोहोचतो तो फक्त शब्द.

आता हा मुलगा काही मूर्ख नव्हता. मग असं का होतं? मला याची तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण आपल्या डोक्यात आहे. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये याला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं. नियोजनातला भ्रम म्हणू आपण. काम किती वेळात होईल याचा अंदाज बांधताना आपण डोळ्यांसमोर फक्त हे काम आणतो आणि ते सुरळीत पार पडतंय असं चित्र रंगवतो. याआधी अशा कामांना खरंच किती वेळ लागला होता, हे बघतच नाही.

१९९४ मध्ये ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी यावर एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध केला. प्रबंध लिहीत असलेल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, प्रबंध कधी पूर्ण होईल? सरासरी उत्तर आलं, साधारण ३४ दिवस. मग विचारलं, सगळं जेवढं बिघडू शकतं तेवढं बिघडलं तर? साधारण ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ च्या वर. म्हणजे त्यांची वाईटात वाईट कल्पनासुद्धा वास्तवापेक्षा आशावादी होती! स्वतःच सांगितलेल्या तारखेच्या आत प्रबंध संपवणारे जेमतेम ३० टक्के.

याच संशोधनातली आणखी एक गोष्ट मला जास्त कामाची वाटते. दुसऱ्याच्या कामाचा अंदाज बांधताना माणसं इतकी आशावादी नसतात. मित्र कधी संपवेल हे आपल्याला बऱ्यापैकी कळतं, आपण कधी संपवू हेच कळत नाही. याचा उपयोग पुढे सांगते.

दुसरं कारण गणिताचं आहे, आणि आपण इंजिनियर लोक त्यात हमखास फसतो. समजा माझ्याकडे तीन कामं आहेत, प्रत्येक ५ दिवसांचं, तीन वेगवेगळ्या माणसांसाठी. एकामागून एक केली तर पहिलं ५ व्या दिवशी संपेल, दुसरं १० व्या, तिसरं १५ व्या. आता मी तिघांनाही खूश ठेवायला रोज थोडं थोडं तिघांचं केलं, तर? तिन्ही कामं १३, १४ आणि १५ व्या दिवशी संपतील. बघा हं, एका कामातून दुसऱ्यात डोकं घालताना वेळ जातो तो मी धरलेलाच नाही. तो शून्य मानला तरी पहिल्या माणसाचे ८ दिवस गेले, दुसऱ्याचे ४ गेले आणि तिसऱ्याला फायदा काहीच नाही. आपल्या आज्या म्हणायच्या ना, एक ना धड, भाराभर चिंध्या. तेच हे.

रांगांच्या शास्त्रात जॉन लिटल यांचा एक नियम आहे. त्याची सिद्धता त्यांनी १९६१ मध्ये दिली. नियम साधा आहे: हातातली कामं भागिले कामं संपवण्याचा वेग, बरोबर एका कामाला लागणारा सरासरी वेळ. मी आठवड्याला ३ कामं संपवते आणि हातात ६ आहेत, तर प्रत्येक कामाला सरासरी २ आठवडे. हातात १२ घेतली आणि वेग तोच राहिला, तर ४ आठवडे. नियम कळायला अवघड नाही, पण त्याचा अर्थ आपण मनावर घेत नाही. नवीन "हो" फक्त नवीन कामापुरता नसतो. तो आधी दिलेला प्रत्येक "हो" मागे ढकलतो. आणि ज्यांचा शब्द मागे गेला त्यांना कुणी कळवलेलंही नसतं.

त्यात आणखी एक भर. आपल्याला वाटतं, मी ८० टक्के बिझी आहे, अजून २० टक्के जागा आहे. रांगेचं सगळ्यात साधं मॉडेल घ्या. कामं केव्हाही येतात, कधी लहान असतात कधी मोठी. आता एक सरासरी काम करायला जेवढा वेळ लागतो, ते माप धरा. तुम्ही ५० टक्के व्यस्त असाल तर नव्या कामाला सुरुवात होण्याआधी सरासरी तेवढंच, म्हणजे एक माप थांबावं लागतं. ८० टक्क्यांना ४ मापं. ९० टक्क्यांना ९. आणि ९५ टक्क्यांना १९. शेवटचे ५ टक्के भरले की वाट बघणं दुपटीहून जास्त! संध्याकाळी हिंजवडीत अडकलेल्या माणसाला हे गणित शिकवावं लागत नाही. रस्ता पूर्ण भरला की तो रस्ता राहत नाही, पार्किंग होतं. स्वतःचं कॅलेंडर मात्र आपण ठासून भरतो आणि वर म्हणतो, फुल युटिलायझेशन.

तिसरं कारण आपल्या वातावरणातलं आहे. सर्व्हिस कंपन्यांत बऱ्याचदा तारीख आधीच ठरलेली असते. विकणाऱ्याने करारात लिहून दिलेली असते, तुम्ही ते काम बघण्याच्या कितीतरी आधी. मग तुम्हाला विचारतात, "होईल ना?" हा प्रश्न नसतोच मुळी. त्यात समोर सीनियर माणूस. लहानपणापासून मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे शिकलेलो आपण. लातूर, जळगाव, साताऱ्याहून येऊन पहिली नोकरी पकडलेल्या मुलाला "नाही" म्हणजे उद्धटपणा वाटतो. शिवाय अ‍ॅप्रेझल डोक्यावर. तेव्हा हा सगळा दोष एकट्या माणसावर टाकायला मी तयार नाही. पण गोम अशी आहे की शब्द कुणीही दिलेला असो, टिकेटवर नाव तुमचं असतं. तारीख चुकली की पत तुमचीच जाते.

म्हणून तीन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकलं पाहिजे. स्टीव्ह मॅककॉनल यांनी सॉफ्टवेअरच्या अंदाजांवरच्या त्यांच्या २००६ च्या पुस्तकात हा फरक नीट मांडलाय. एक, लक्ष्य: वरच्यांना काय हवंय. दोन, अंदाज: आपल्याला काय होईल असं वाटतंय. तीन, वचन: आपण कशाची जबाबदारी घेतोय. क्लायंटला ३० तारखेला हवंय, हे लक्ष्य. मला वाटतं ५ ते १० तारखेच्या मध्ये होईल, हा अंदाज. आणि १० तारखेला मी देईन, हे वचन. आपल्याकडे "होऊन जाईल" या एका वाक्यात या तिन्हीची खिचडी होते.

हा घोळ फक्त आपलाच नाही बरं का. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही स्प्रिंटमध्ये घेतलेल्या कामाला आधी ‘कमिटमेंट’ म्हणायचे. २०११ मध्ये तो शब्द काढून तिथे ‘फोरकास्ट’ घातला, म्हणजे हवामानाचा असतो तसा अंदाज. कारण टीम अंदाज सांगायची आणि ऐकणारे ते वचन धरून बसायचे.

बरं, मग करायचं काय? "नाही म्हणायला शिका" हा सल्ला मला पटत नाही. दोन वर्षांचा अनुभव असलेल्या मुलीने डिलिव्हरी मॅनेजरला तोंडावर नाही म्हणायचं, हे पोस्टरवर छान दिसतं. त्याऐवजी दिवाळीच्या आधी आपल्या गल्लीतला चांगला शिंपी काय करतो ते आठवा. एका दिवशी तो दुकानावर पाटी लावतो, "दिवाळीच्या ऑर्डर बंद". त्यानंतर कितीही ओळखीचं माणूस येऊ दे, तो म्हणतो, "ताई, दिवाळीनंतर देतो, चालेल का?" त्याला माहीत असतं की दिवाळी काही पुढे सरकत नाही. तो उद्धट नाही. आधी कापड दिलेल्यांचा शब्द तो सांभाळतोय. आणि त्याच्याकडेच पुढच्या वर्षी लोक महिनाभर आधी जातात. सगळ्यांचं कापड घेऊन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी "फक्त काजं राहिलीत" म्हणणारा शिंपीही आपण पाहिलेला असतो. त्याच्याकडे दुसऱ्यांदा कोण जातं?

ही पाटी ऑफिसात कशी लावायची? चार-पाच गोष्टी सांगते, माझ्या वापरातल्या.

पहिली, यादी. आत्ता तुमच्या डोक्यावर किती "हो" आहेत ते लिहून काढा. जिरामधले तर लिहाच, पण जिराबाहेरचेही. चॅटवर दिलेले, लिफ्टमध्ये दिलेले, "बघून सांगतो" म्हटलेले. त्या मित्राने हे केलं तेव्हा १४ निघाले. जिरावर होते ६. उरलेले ८ नुसते बोलण्यातले. म्हणजे निम्म्याहून जास्त कर्ज वहीत नव्हतंच.

दुसरी, "नाही" ऐवजी किंमत सांगा. वाक्य असं: "सर, घेते मी हे. पण मग रिपोर्ट गुरुवारऐवजी सोमवारी जाईल. चालेल ना? की रिपोर्ट आधी संपवू?" यात नकार कुठेच नाही. निर्णय ज्याचा आहे त्याच्याकडे तो परत गेला, इतकंच. बऱ्याच वेळा समोरून उत्तर येतं, "अरे, मग राहू दे, रिपोर्ट महत्त्वाचा." समोरच्याला तुमच्या ताटात काय वाढलेलं आहे ते दिसत नसतं. तुम्ही दाखवलं तरच दिसेल.

तिसरी, लगेच उत्तर देऊ नका. "दुपारी ४ पर्यंत सांगते" म्हणा आणि ४ वाजता खरंच सांगा. तेवढ्या वेळात दोन कामं करा. मागच्या अशाच टिकेटला किती दिवस लागले होते ते उघडून बघा, आणि शेजारच्याला विचारा, "मला हे करायला किती दिवस लागतील असं तुला वाटतं?" दुसऱ्याच्या बाबतीत आपण जास्त खरं बोलतो, असं मघाशी म्हटलं ना, त्याचा हा उपयोग. आकडा ऐकून थोडा अपमान वाटेल. तरीही तोच धरा.

चौथी, वाईट बातमी लवकर द्या. शुक्रवारची तारीख चुकणार हे मंगळवारी सांगितलं तर टेस्टिंगवाले दुसरं काम घेतात, क्लायंटला मेल जातो, रिलीज हलवता येतो. तेच शुक्रवारी संध्याकाळी ६ ला सांगितलं तर कुणाच्याच हातात काही उरत नाही. मॅनेजरपुढे मग वाईट पर्यायच राहतात. सगळ्यात लाडका पर्याय म्हणजे आणखी दोन माणसं टाकणं. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएमच्या ओएस/३६० प्रकल्पाच्या अनुभवावरून १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. नव्या माणसाला शिकवायला जुन्याचाच वेळ जातो. शिवाय ५ जणांत बोलण्याच्या जोड्या असतात १०, आणि ८ जणांत होतात २८. एकट्याने वेळेत तोंड न उघडल्याची किंमत अशी आठ जण मोजतात. आणि लक्षात घ्या, वेळेवर कळवून हललेल्या तारखेने पत फारशी जात नाही. बँकेत आधी जाऊन मुदत वाढवून घेणारा आणि फोन बंद करून बसणारा, यांत फरक आहेच की.

पाचवी, दुसऱ्या टोकाला जाऊ नका. दोन दिवसांच्या कामाला दहा दिवस सांगणं हेही पतीला मारकच. लोकांना तेही कळतं. मग तुमच्यापुढे असाच एक दुसरा कॉलम निघतो, फक्त उलट दिशेचा. तुमच्या दहाचे चार धरले जातात आणि कधीतरी खरंच दहा लागणार असतात. बफर ठेवा, पण तो उघड सांगा: "काम ४ दिवसांचं, पण थर्ड पार्टीचं इंटिग्रेशन आहे म्हणून ६ धरतेय."

आता शेवटचा प्रश्न. ज्याची पत आधीच गेलीये त्याचं काय? परत त्या मित्राकडे येते. टपरीवर मी त्याला त्या दोन कॉलमबद्दल सांगितलं. सांगावं की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला होता. शीट लीडची होती. पण सगळ्या टीमचं प्लॅनिंग ज्यावर चालतं ते फक्त त्यालाच माहीत नसावं, हे मला बरोबर वाटेना. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "किती दिवसांचा फरक धरतो तो?"

त्या आठवड्यात त्याने ती १४ ची यादी केली आणि तीन जणांकडे स्वतःहून जाऊन सांगितलं की हे माझ्याच्याने या महिन्यात होणार नाही. एक जण चिडला. बाकीचे दोघं काय म्हणाले माहितीये? "अरे, ते होय? ते आम्ही केव्हाच दुसऱ्याकडून करून घेतलं." तो म्हणतो, चिडलेल्याचं काही वाटलं नाही, या दोघांचं फार लागलं. त्या दोन कामांसाठी तो रात्री बसायचा अजून मनात धरून होता आणि तिकडे त्याची वाट बघणंच लोकांनी सोडून दिलं होतं.

त्याने पुढे काही जाहीर वगैरे केलं नाही. "आता मी बदललोय" हेही एक वचनच असतं, आणि त्या वेळी त्याच्या वचनाला भाव नव्हता. त्याने फक्त शब्द लहान केले. "या आठवड्यात मॉड्यूल देतो" ऐवजी "उद्या १२ पर्यंत पहिला ड्राफ्ट टाकतो." आणि १२ ला टाकला. छोटे हप्ते, वेळेवर. बँक तरी दुसरं काय बघते?

तो मोठा प्रोजेक्ट त्याला काही परत मिळाला नाही. गेलेली संधी गेली. काही महिन्यांनी लीडही बदलला, ती शीट कुठे गेली कुणास ठाऊक. पण आता त्याला कुणी काही विचारलं की तो आधी मोबाइलमधली यादी उघडतो. सुरुवातीला लोकांना ते खटकायचं. आता लोक थांबतात. परवा एका कॉलवर नव्या लीडने क्लायंटला सांगितलं, "त्याने मंगळवार म्हटलंय, म्हणजे मंगळवार." तो त्या कॉलवर नव्हता. मी होते.

तेव्हा मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ एवढाच. आज रात्री झोपायच्या आधी तुमचे सगळे "हो" एका कागदावर लिहा. शेजारी तारखा लिहा. ज्या झेपणार नाहीत, त्यांतली एक तरी उद्या सकाळी त्या माणसाला फोन करून परत करा. मेल नको, फोन करा. आणि पुढच्या वेळी "होऊन जाईल" तोंडावर आलं की तिथे करणारा घालून बघा. "मी करते, अमुक दिवशी." हे वाक्य तोंडातून निघत नसेल, तर आपल्याला उत्तर मिळालेलं आहे.

तुमच्या यादीत किती निघाले ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या.